आमच्या घरात राहणारी माणसं

अहमदपूरच्या एसटी स्टँडवर माझी आई माझी बॅग मांडीवर घेऊन बसली होती आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होती, "लोकं लेकराला सोडायला येतात. मी ह्या घोडीला सोडायला आले." घोडी तेव्हा चाळिशी ओलांडलेली. तासिका तत्त्वावर शाळेत शिकवायची, आणि त्या वर्षी तासिकाही गेल्या होत्या.

मी पुण्याला निघाले होते ते अप्रेंटिस व्हायला. आठवड्यातले चार दिवस एका संशोधन संस्थेत काम, दोन दिवस वर्ग आणि शेवटी समाजसंशोधनाची पदवी. आमच्याकडे अप्रेंटिस म्हणजे आयटीआयचा वायरमन. शेजारच्या काकूही सोडायला आल्या होत्या. म्हणाल्या, "मंग शिकून आलीस की आमचा कूलर बघशील का गं?" मी हात उडवून म्हटलं, "काकू, मी माणसांची वायरिंग बघणार हाय!" आई हसली नाही. बस हलली तशी खिडकीशी येऊन म्हणाली, "जायचं तर जा. पर सारखं माघारी बघत बसू नको."

मला तो आशीर्वाद वाटला. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेलात त्यांना कळेल, निघताना माणसाला सगळंच आशीर्वादासारखं ऐकू येतं. जे मागं राहिलात ते हसा खुशाल.

सर्वेक्षणात कुटुंब कुणाला म्हणायचं, हा आमचा पहिला धडा. एका चुलीवर जेवतात ते कुटुंब. सहा महिन्यांहून जास्त बाहेर असलेला त्यात धरायचा नाही. मी लगेच डोक्यावर ओढणी घेऊन आमच्याकडच्या आयांचं सोंग काढलं. "लिव्ह बाई, थोरला हैदराबादला हाय, त्याला लिव्ह. धाकली पुन्याला, तिलाबी लिव्ह!" वर्ग लोटपोट. सरांनी ते सोंग पुढच्या तुकडीलाही करून दाखवायला लावलं.

तिसऱ्या वर्षी सर्वेक्षणात आमचीच गल्ली निघाली आणि गल्लीत आमचंही घर. ओळखीच्या घरी आपण विचारायचं नाही, असा नियम. म्हणून वर्गातली सानिका, कोथरूडची पोरगी, प्रश्न विचारणार आणि मी गप्प बसणार. मी! गप्प! रस्ताभर तिला पढवत आले, "आई माझं नाव घेईल. भांडेल. तू ते मुळीच लिहू नकोस, मला वाईट वाटणार नाही." खरं तर मला ते भांडण हवं होतं. त्यासाठी मी नवी साडी नेसले होते.

आधी काकूंचं घर झालं. काकूंनी हैदराबादचा लेक, सून, नातवंडं, सगळी लिहायला लावली. सानिका नियम सांगून दमली. मी मनात टाळ्या वाजवल्या आणि आमच्या दारात शिरले.

"आजी, या घरात कोण कोण राहतं?"

"मी. पोरगा, सून. नात."

सानिकाचं बोट टॅबवर थांबलं. "कुणी राहून नाही ना गेलं?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. मग तिच्याकडं. "हायेत ते सांगितले की, पोरी. गेलेल्यायला कशाला लिवतीस?"

अख्ख्या गल्लीत इतकं बिनचूक उत्तर कुणी दिलं नाही.

मग चहा आला. आमच्याकडं घरची माणसं स्टीलच्या पेल्यात पितात. फुलांचे कप कपाटातून निघतात ते पाहुण्यांसाठी. एक कप सानिकापुढं आला, एक माझ्यापुढं. बशीसकट.

"साखर कमी तर न्हाई ना झाली?" आईनं मला विचारलं. हा प्रश्न तिनं उभ्या आयुष्यात मला विचारला नव्हता.

कमीच होती. मी म्हटलं, बरोबर आहे.

आता पदवी हातात आहे, आणि कुटुंब कुणाला म्हणायचं ते मीच नव्या पोरांना शिकवते. सोंग करत नाही. घर मात्र मी वेगळ्या मापानं मोजते. साखर कमी पडली तर कुणी विचारायची वाट न बघता उठून आपणच डबा काढतो, ते घर. त्या दिवशी मी उठणारच होते. पण डबा आता कुठल्या फळीवर असतो, ते मला माहीत नव्हतं.