निरोगी मुळांचा फोटो

टमाट्याच्या पाल्याचा उग्र वास आला की मला बोरगावचं ते वावर आठवतं. पांढुर्णा जिल्हा नुकताच झाला होता आणि नव्या साहेबांना उद्घाटनं कमी पडत होती. गावातल्या एका काकूच्या त्या वावरात सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे बारीक किडे, फार. टमाट्याच्या मुळांना गाठी येत आणि झाडं सुकत. जी सुकली नाहीत त्यांचंच बी तिनं तीन वर्षं धरलं आणि अखेर नऊ झाडांची एक निरोगी ओळ उभी केली. फळं अजून हिरवी होती. बी पुढच्या महिन्यात निघणार होतं. तेवढ्यात बातमी साहेबांपर्यंत पोचली आणि वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मांडव पडला. मोठ्या साहेबांनी एक झाड उपटून त्याचं स्वच्छ मूळ कॅमेऱ्यापुढे धरलं. टाळ्या झाल्या. मग धाकट्या साहेबांनी उपटलं, मग सरपंचांनी, मग सरपंचांच्या भावानं. "अवो, काय करून राहिले तुमी? बियाची झाडं हायेत थे!" काकू ओरडली. "थांबा ना काकू, पेपरात नाव येऊन राहिलं तुमचं," सरपंच म्हणाले आणि फोटोसाठी आणखी चार झाडं उपटली गेली. मी, गावच्या शाळेचा मास्तर, मागे उभा राहून या थाटाला मनातल्या मनात हसत होतो, तोच कुणीतरी म्हणालं, "गुरुजी, एक फोटो तुमचाबी होऊन जाऊ द्या." शेवटचं झाड मी उपटलं. रिकाम्या ओळीकडे पाहत काकू म्हणाली, "किड्यायच्यानं जे नाही झालं, थे पाहुण्यायनं करून दाखवलं." तो फोटो अजून माझ्याकडे आहे. मूळ अगदी स्वच्छ आहे, आणि खरं सांगायचं तर मीही बरा दिसतो.