हात बसवायला लेकीचा चेहरा

सिंधुताईंच्या चांगुलपणाचा मला पहिल्यापासून राग येतो. भोकरला बसस्टँडमागे त्यांचं पार्लर, आणि लागूनच माझं ब्लाउज शिवायचं दुकान. आजूबाजूच्या खेड्यांतली एखादी पोरगी शाळेतून गळाली, की आईबाप तिला ताईंच्या दारात आणून उभी करायचे. ताई फुकट शिकवायच्या, वर दुपारची भाकरीही घालायच्या. शिकून तयार झालेली पोरगी त्याच रस्त्यावर स्वतःची पाटी लावायची, आणि ताई तिथं नारळ फोडायला जायच्या. मी तेव्हाही बोलले होते, पण माझं ऐकतंय कोण?

शिकवायची त्यांची एक रीत होती. नवरीच्या मेकअपवर हात बसायचा तर चेहरा लागतो, आणि गिऱ्हाईक काही आपला चेहरा देत नाही. मग ताई आपल्या लेकीला, दीपमालेला, खुर्चीत बसवायच्या. पोर शाळेतून आली की दप्तर खाली ठेवायच्या आत खुर्ची. कुणी तिची भुवई कोरून अर्धी करायची, कुणी गालावर पुरळ उठवायची. ताई स्वतः लांब उभ्या राहून नुसतं तोंडानं सांगायच्या. शिकणारीच्या कामात आपण हात घालायचा नाही, हा त्यांचा नियम. लेक रडली तर तिलाच गप्प बसवायच्या.

दीपमालेचं लग्न ठरलं. मुलगा लातूरचा, बँकेत नोकरीला. ताईंना एकच हौस होती, लेकीला नवरी म्हणून आपल्या हातानं नटवायचं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकी नटवल्या, आता ही एक माझी, असं त्या येता-जाता सांगायच्या. त्यासाठी नवे ब्रश आणले. मला तीन वेळा दाखवले.

लग्न नांदेडच्या कार्यालयात होतं. नवरीच्या खोलीत ताई सगळं मांडून बसल्या होत्या. तेवढ्यात दीपमाला आली ती पुनमला घेऊन. पुनम ताईंचीच सगळ्यात हुशार शिष्या, आता नांदेडात तिचं मोठं पार्लर. मागे तिची नवी शिकाऊ पोरगी, देगलूरकडची गौरम्मा.

"आई, मेकअप पुनमताई करणार हाय."

"अगं, मी हाय की."

"तुला माझं तोंड कुठं ठावं हाय? कवा हात लावलास?" दीपमालेनं आवाज जरासुद्धा चढवला नाही. "ह्या हनुवटीखालचा डाग कशानं पडला, ते पुनमताईला ठावं हाय. तिनंच पाडला."

पुनमनं मान खाली घातली, पण ब्रश उचलला. ताई म्हणाल्या, "कर बाई," आणि पिना घेऊन बाजूला उभ्या राहिल्या. मला तिथल्या तिथं दीपमालेच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. तरी खोटं कशाला बोलू, इतकी देखणी नवरी मी भोकरात पाहिली नव्हती.

मुहूर्त जवळ आला तेव्हा पुनमचं लक्ष ताईंकडे गेलं.

"ताई, तुमचं काहीच झालं न्हाई की. बसा." ताईंचा चेहरा उजळला. त्या लगबगीनं बसल्या. पुनम गौरम्माकडे वळली. "ये गं, घे ताईंचं. बिनधास्त हात चालव. ताई कुणावर रागवत न्हाईत."

गौरम्मानं पावडर थापायला घेतली. पांढराफटक थर बसला, काजळ डोळ्यांबाहेर आलं. मी उठले, तर ताईंनी माझा हात दाबून मला खाली बसवलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तशी गौरम्मा घाबरली.

"ताई, रडू नका, सगळं पसरून राहिलं."

"पसरू दे. तू कर," ताई म्हणाल्या.

त्याच तोंडानं त्या स्टेजवर गेल्या. नवऱ्याकडच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दीपमालेनं आईकडे एकदाच पाहिलं आणि फोटोवाल्याला हळूच सांगितलं, "आईला कडंला घ्या." त्यानं काही म्हणायच्या आत ताई स्वतःच सरकल्या.