माणिकदादाचा रविवार

मी माझा फोटो माझ्या भावाच्या तक्त्यावर चिकटवला, तोही जेवणाच्या चित्राच्या वर. माझ्या मूर्खपणांची यादी लांब आहे, पण डिंक लावून पक्का केलेला हा एकच.

त्याआधी गाव सोडल्याचं सांगतो, कारण तिथंही मी असाच वागलो होतो. वैनगंगेच्या काठचं आमचं गाव तेव्हा अजून पाण्याबाहेर होतं. एम.ए.साठी नागपूरला निघालो, त्या सकाळी बाबा एवढंच म्हणाले, "माणक्याले सांगून जाय. नाही त बसून राहीन तो." माणिकदादा माझा थोरला भाऊ. त्याला बोलता येत नाही, एका कानानं ऐकू येत नाही, फिट येतात, आणि रोजचा क्रम चुकला की दिवसच्या दिवस विस्कटतो. त्याला सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. जुने पेपर कोंबलेली एक पिशवी मी त्याच्या मांडीवर ठेवली, धरून बस, आलोच, म्हणालो आणि पवनीची एसटी पकडली. तो संध्याकाळपर्यंत पिशवी धरून बसला. बाबा ओट्यावरून आत न्यायला गेले तर त्यांनाही हात लावू देईना. पुढे ताईनं हे सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. खरंच हसलो होतो.

आता मी पुण्यात असतो. मानसशास्त्रात एम.ए. झालेल्या पोरापोरींना अशाच माणसांबरोबर काम करायला शिकवतो, ज्यांची अडचण एक नसते, चार असतात आणि चारही एकमेकींत अडकलेल्या असतात. आमच्याकडे त्याला 'कॉम्प्लेक्स नीड्स' म्हणतात. बाबा 'त्याचं जरा येगळं हाये' म्हणायचे आणि कामाला लागायचे. मला तेवढ्यासाठी चाळीस स्लाइड लागतात. पोरं हुशार असतात, टेस्ट तोंडपाठ असतात. क्लायंट टेबलाखाली जाऊन बसला की मात्र माझ्याकडे बघतात. मी म्हणतो, तुम्हीही जा टेबलाखाली. मी 'निरोप कसा घ्यावा' यावर दोन तासांचं लेक्चरही घेतो. हो, मीच.

गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा मी परीक्षेत होतो. सामान ट्रॅक्टरवर चढवायला मी नव्हतो. पुनर्वसनाच्या गावठाणात सगळी घरं सारखी, रस्ते सारखे. दादा कुणाच्याही घरात जाऊन जेवायला बसायचा. लोक वाढायचे, पण तो घाबरायचा. भिंती आपल्या नाहीत हे त्याला जेवता जेवता कळायचं. मग आई गेली, बाबा गेले. सासरहून परत आलेली ताई आणि दादा, एवढंच घर उरलं.

दोन वर्षांपूर्वी सुट्टीत गेलो आणि माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला. दादासाठी चित्रांचा तक्ता केला. आंघोळ, चहा, विहारापर्यंत चक्कर, जेवण, फिटची गोळी. एकाखाली एक. त्याला तो इतका लागू पडला की मला चढली. रविवारच्या रांगेत, जेवणाच्या वर, मी माझा फोटो लावला. अर्थ असा की भाऊचा फोन येणार. मोबाइल चांगल्या कानाला लावायचा, भाऊ बोलणार, मग जेवण. ट्रेनींना माझा पहिला धडा असतो: जे आपल्याला पाळता येणार नाही ते क्लायंटच्या तक्त्यावर लावू नका. तक्ता त्याच्यासाठी भिंतीवरचा कागद नसतो, ती जमीन असते.

मी पाच रविवार फोन केला. मग एक कार्यशाळा आली, मग दुसरी. मधल्या वारी ताईला विचारायचो, दादा कसा आहे. ती म्हणायची, बरा हाये. मी समजायचो, बरा आहे.

या हिवाळ्यात तीन ट्रेनी घेऊन गावी गेलो. पुस्तकाबाहेरचं काम दाखवावं, आणि खरं सांगायचं तर तक्ताही दाखवावा. रविवार होता. भिंतीपुढे उभा राहून मी घसा खाकरून समजावत होतो. त्यांच्यातली केतकी, जी वर्गात कधी बोलत नाही, तिनं मला न विचारता ताईला विचारलं, "सरांचा फोन नाही आला तर काय करता?"

ताईनं आधी उत्तर टाळलं. केतकी तिच्याजवळ चुलीपाशी बसून राहिली, तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं. फोन आला नाही त्या पहिल्या रविवारी दादा जेवला नाही. जेवण नाही म्हणून गोळी नाही. सोमवारी सकाळी नळापाशी फिट आली, पडला, पुढचा दात गेला. मी तो दात वयामुळे गेला असं धरून चाललो होतो. पुढच्या रविवारपासून ताई शेजारणीचा मोबाइल घेऊन न्हाणीमागं जाते. आपल्याच फोनवर फोन लावते. तो दादाच्या हातात असतो. आवाज जाड करून ती माझ्यासारखं खाकरते आणि म्हणते, "कसा हायेस दादा? जेव आता." आणि दादा जेवतो. जवळजवळ दोन वर्षं.

ट्रेनी खाली बघत होत्या. मला कुठं बघावं कळेना.

ताट वाढलेलं होतं, गोळीची वेळ टळत होती. मी दादासमोर मांडी घालून बसलो. म्हणालो, आज फोन कायले लागतो, मी हाये न इथं. त्यानं माझ्या शर्टाच्या बटणाला हात लावला, गोड हसला, तो दात नसलेलं हसू, आणि ताटाला हात लावला नाही. केतकीनं वहीत काहीतरी लिहिलं. मी तसंच करायला शिकवलंय.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून गेले त्यांना वाटत असेल, घरात आपली जागा रिकामी असते, कधीही जाऊन बसता येतं. जे मागं राहिले त्यांना ठाऊक आहे, रिकामी जागा कुणाला परवडत नाही. कुणीतरी तिथं उभं राहतं, आपला आवाज काढतं आणि घर चालवतं. माझ्यासाठी घर आता तेच. मी नसताना मी तिथं नियमित असतो, आणि तो मी माझ्यापेक्षा शब्दाचा पक्का आहे.

तरी मी उठलो. न्हाणीमागं गेलो, ताईच्या मोबाइलवर फोन लावला, खाकरलो. म्हणालो, "दादा, जेव आता." न्हाणीच्या कडेनं डोकावून बघितलं. दादानं ऐकलं. मग मोबाइल कानावरून काढला, नीट जमिनीवर ठेवला आणि ताटाकडे पाठ केली.

ताई पदराला हात पुसत मागं आली. माझ्या हातातून फोन काढून घेतला, पुन्हा लावला, आत दादानं तो उचलून रिंग थांबली तसा आवाज जाड केला आणि तेच तीन शब्द म्हणाली. आत ताटाचा आवाज झाला. केतकी दारातून म्हणाली की ते जेवायला लागले.

ताईनं फोन माझ्या हातात परत दिला.

"तुही नक्कल तुलेच जमत नाही," ती म्हणाली, "अन् पोरींले शिकवून राहिला."