स्नोबॉलच्या अकरा ओळी

सत्तरच्या दशकात मी सोलापूरच्या एका कॉलेजात गणित शिकवत होतो. आमच्या विभागात लॉगॅरिथमची पुस्तकं होती आणि हाताने फिरवायचं एक गणकयंत्र. त्याचं हँडल अडकलं की शिपाई तेल घालायचा. संगणक आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता.

एम.एस्सी.ला माझ्याबरोबर असलेला एक मित्र मुंबईच्या संशोधन संस्थेत लागला होता. दिवाळीत आला तेव्हा त्याने स्नोबॉल नावाच्या एका संगणकभाषेची माहितीपुस्तिका दिली. शिकणारे सगळे फोरट्रान शिकत, कारण ती आकडेमोडीची भाषा. स्नोबॉल अक्षरांची होती. तिला शब्द द्यायचा, त्यातला एखादा तुकडा शोधायला सांगायचं आणि त्याजागी दुसरा बसवायचा. मला वाटलं, हिच्याकडून मराठी व्याकरण करून घेऊ. घोडा दिला की घोडे, आंबा दिला की आंबे. यंत्राला देवनागरी येत नव्हती, म्हणून शब्द रोमन अक्षरांत लिहिले. प्रोग्राम अकरा ओळींचा झाला.

तो चौकटींच्या कागदावर, एका चौकटीत एक अक्षर असा लिहून मी पोस्टाने मित्राला पाठवला. तिथे पंच ऑपरेटर त्यावरून कार्डांना भोकं पाडणार, कार्डं यंत्रात जाणार आणि उत्तराचा छापील कागद मला परत येणार, अशी व्यवस्था ठरली होती.

तीन आठवड्यांनी शिपाई वर्गाच्या दारात आला. "सर, तुमचं मुंबईचं पाकीट आलंय की. पर लई हलकं हाय."

आत एकच कागद होता. अकरापैकी नऊ ओळींखाली चूक म्हणून छापलं होतं. मी रविवारभर पुस्तिका घेऊन बसलो. चूक सापडेना. पुन्हा स्वच्छ अक्षरात लिहून पाठवलं. पुन्हा तीन आठवडे, पुन्हा नऊ चुका. विभागप्रमुख रोज विचारायचे, "काय, झालं का व्याकरण?" मी हसायचो आणि स्टाफरूममधून बाहेर पडायचो. घरीही चिडचिड सुरू झाली. बायको एकदा म्हणाली, "कागदावर राग काढताय की माझ्यावर, तेवढं तरी कळू द्या."

तिसऱ्या खेपेला छापलेल्या ओळी मी माझ्या कागदाशेजारी धरून एकेक अक्षर ताडून पाहिलं. अक्षरं बरोबर होती, पण मी सोडलेल्या रिकाम्या जागा गायब होत्या. ओळी डावीकडे सरकवून शब्द एकमेकांना चिकटवले होते. स्नोबॉलमध्ये रिकाम्या जागेलाही अर्थ असतो. ती काढली की ओळीचा अर्थच जातो. मी मित्राला रागाचं पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "मी ऑपरेटरला सांगून थकलो. तूच येऊन सांग."

उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलो. बायकोने शेंगाचटणीची बरणी दिली होती. पंचिंगच्या खोलीत सहासात बायका यंत्रांवर बसल्या होत्या. कानठळ्या बसतील असा खडखडाट. माझं काम ज्यांच्याकडे होतं त्या बाई पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या.

"बाई, या जागा मी मुद्दाम सोडल्यात," मी कागद दाखवत म्हणालो. "तुम्ही त्या का काढता?"

"मुद्दाम?" त्यांनी चष्मा वर सरकवला. "साहेब, फोरट्रानला मोकळ्या जागेने काही फरक पडत नाही. सगळे वाटेल तशा सोडतात. मी तुमचं नीट करून देत होते."

"ही फोरट्रान नाही."

"ते मला कोणी सांगितलं?"

मी मित्राकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. इतके दिवस मी ज्या बाईंना मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या, त्या माझ्यावर उपकार करत होत्या. मी बरणी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी तिथेच बसून अकरा कार्डं आणि शब्दांची कार्डं पुन्हा पंच केली, प्रत्येक मोकळ्या जागेला मला विचारत, "इथे एक की दोन?"

दुपारी कागद हातात आला. एकही चूक छापलेली नव्हती. पहिल्या ओळीवर घोडा, समोर घोडे. दुसऱ्या ओळीवर आंबा, समोर एंबा. मग रस्ता, समोर रेस्ता. कपडा, समोर केपडा.

मी यंत्राला शब्दातला A काढून E बसवायला सांगितलं होतं. शब्दाच्या शेवटचा A, असं सांगितलंच नव्हतं. त्याला पहिला सापडला तो त्याने बदलला. सोलापुरात बसून मी हाताने तपासलेला एकमेव शब्द घोडा होता, आणि GHODA मध्ये A एकच आहे. या वेळी राग काढायला दुसरं कोणी नव्हतं. बाईंनी कागद वाचला. "एंबा म्हणजे काय हो?" त्यांनी विचारलं. यंत्राची आमची वेळ संपली होती आणि मला संध्याकाळची गाडी होती.

घरी येऊन ती एक ओळ दुरुस्त केली आणि पाठवली. महिन्याभराने मित्राचं पत्र आलं. यंत्रावर नवीन व्यवस्था बसवली होती आणि तिच्यात स्नोबॉल नव्हती. "तुझ्याशिवाय ती कोणी मागत नव्हतं," त्याने लिहिलं होतं. सोबत माझा कागद न उघडलेल्या घडीसकट परत आला होता.

तो कागद मी पुस्तिकेत ठेवून दिला. मग जूनमध्ये कॉलेज सुरू झालं, तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्गाला तो प्रोग्राम फळ्यावर लिहून दाखवला. आंबा शब्द घेऊन एकेक पायरी हाताने केली आणि शेवटी आंबे लिहिलं. तासभर मी मनापासून बोललो. पुढच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला.

"सर, हे परीक्षेला आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

वह्या मिटल्या. मी फळा पुसला आणि उरलेल्या दहा मिनिटांत समाकलनाचं एक उदाहरण घातलं.