चाकणहून परत आणलेल्या पेट्या

दिवाळीनंतरच्या सुट्टीत मी चाकणला निघालेय म्हटल्यावर शाळेतल्या बाकीच्या शिक्षिका हसल्या. तिथं बघायचं काय, हा त्यांचा सवाल. मला मात्र माझ्या मैत्रिणीचं, वैशालीचं काम बघायचं होतं. भोसरीत तिचा छोटा कारखाना आहे. तिथं पंपाचे पितळी भाग बनतात आणि चाकणच्या निर्यातदारामार्फत परदेशी जातात.

नाशिकहून सकाळची एसटी घेतली. राजगुरुनगरला पोटभर खाऊन घ्या, कारण पुढे चाकणच्या चौकात कंटेनरच्या रांगेत किती वेळ जाईल सांगता येत नाही. शिफ्ट सुटायची वेळ तर टाळाच.

दुसऱ्या दिवशी माल पोचवायला आम्ही भोसरीहून चाकणला गेलो. टेम्पो वैशालीच चालवत होती. शेजारी मी आणि पॅकिंग बघणाऱ्या सुमनबाई, मूळच्या बीडच्या. निर्यातदार आबा तिथल्याच जुन्या शेतकरी घरातले, स्वतःच्या जमिनीवर गोदाम बांधून धंद्यात उतरलेले. पेट्या उतरवून झाल्यावर त्यांनी चहा दिला आणि मग सांगितलं, की माल जातो तिकडच्या सरकारनं आयात शुल्क वाढवलंय, आणि खरेदीदाराला ते आपल्याच दरातून कापून हवंय.

"समदेच दर कमी करत्यात, ताई. या येळी ऐका."

"कर त्यांच्या सरकारनं लावलाय, आबा. तो माझ्या कामगारांच्या पगारातून का भरू?"

गिऱ्हाईक एकदा तुटलं की परत येत नाही, असं आबांनी समजावून पाहिलं. वैशालीनं सगळं ऐकून घेतलं आणि पेट्या परत चढवायला सांगितल्या. पहिली पेटी सुमनबाईंनीच उचलली. मीही हात लावला. पितळ किती जड असतं ते तेव्हा कळलं.

मोशीजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा वैशालीचा धीर सुटला. आता काम निम्म्यावर येईल, कुणाला घरी बसवू, असं ती म्हणाली आणि तिनं डोळे पुसले. सुमनबाई तिच्याकडे वळल्या.

"दिस वाटून घेऊ आम्ही. काढू नका कुनाला."

मग तिघींनी हायवेलगतच्या खानावळीत पिठलं-भाकरी खाल्ली. साधी, खिशाला परवडणारी जागा, पण ठेचा झणझणीत.

नाशिकला परतून दोन महिने झाले. थोडा माल केनियातल्या एका व्यापाऱ्यानं पूर्ण दरानं घेतला, बाकीचा अजून भोसरीत पडून आहे. कामाचे दिवस वाटून घेतलेत, घरी कुणीच बसलेलं नाही. 'आपल्याकडे सगळं स्वस्तात बनतं' हे वाक्य मात्र आता माझ्या तोंडून अभिमानानं निघत नाही.

परवा वैशालीचा फोन आला. तो जुना खरेदीदार आबांकडे पुन्हा कमी दरातच माल मागत होता. आबांनी तिला न विचारताच नकार कळवला आणि मग तिला सांगितलं, "ताई, तुमी न्हाई म्हनलात, म्हंजे आमीबी न्हाई."