पडद्याकडे पाठ करून बसणारा साहेब

साहेब पडद्याकडे पाठ करून बसायचा. थेटरात स्वतःचंच चित्र लागलेलं, आणि हा पडद्याच्या कडेला खुर्ची टाकून लोकांकडे तोंड करून बसलेला. विचारलं तर मोडक्या हिंदुस्थानीत म्हणायचा, "तसवीर हमने बनाया. अब आदमी देखेगा."

बोलपट यायच्या आधीची गोष्ट. सोलापुरातल्या एका थेटरात मी मूकपटात मधेमधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्या वाचून लोकांना मराठीत समजावून सांगायचो. मला सगळे मास्तर म्हणत. साहेब मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तिथे मेंढपाळांवर चित्रपट काढले, मग लंडन, मग बर्लिन, आणि शेवटी मुंबईची एक कंपनी. उन्हाने सोललेलं नाक, चुरगळलेली पँट. तुम्ही त्याला पाहिलं असतं तर रेल्वेतला फिटर समजला असता. शेंगाची चटणी खाऊन डोळ्यांत पाणी आलं की हसायचा, "देखो, हम भी रोता है."

चित्र कुठल्याही देशात लावा, त्याचं एकच म्हणणं होतं. "मास्तर, सब मुलुक में आदमी एकही जगह रोता है."

त्याचं नवं चित्र एका आईचं होतं. परागंदा मुलगा मोठा होऊन गावी येतो, दारातल्या म्हातारीला ओळखत नाही, तिच्या हातचं पाणी पितो आणि निघून जातो. पुढे नुसता रस्ता. कंपनीच्या मालकांना हा शेवट नको होता. मायलेकांची भेट घाला म्हणत होते. साहेब म्हणाला, आधी सोलापुरात लावा, लोक काय करतात ते बघू.

पहिल्या खेळाला बायकांच्या बाकावर विणकराच्या घरची अक्का होती. तिचा मुलगा मुंबईला गेला तो परतलाच नव्हता. पडद्यावरचा मुलगा रस्त्याला लागला, तशी ती उठून उभी राहिली.

"अवो मास्तर, पोरगं परत येतंय न्हवं?"

पडद्यावर पाटी नव्हती. मी गप्प बसायला हवं होतं.

"येतंय की, अक्का. वळखलंय त्यानं. बैलगाडी आणाया गेलाय, आईला न्यायला."

सगळं थेटर रडलं. मग टाळ्या. साहेबाने ते ओले चेहरे पाहिले आणि माझा हात धरला.

"तुमने क्या बोला?"

"कुछ नहीं, साहब. जो दिखता है वही."

"देखो," तो म्हणाला. "वही जगह."

त्या भरवशावर त्याने मालकांचं ऐकलं नाही. आमच्याकडे खेळ होता तोवर अक्का रोज आली, आणि रोज मी त्या पोराला बैलगाडी आणायला पाठवत राहिलो. इतर गावांत मात्र तिथल्या मास्तरांनी पडद्यावर होतं तेच सांगितलं. लोक चिडून उठून गेले. एके ठिकाणी बाकं मोडली. कंपनीने साहेबाला कामावरून काढलं.

पुढे मद्रासच्या गाडीने तो सिलोनला निघाला, तेव्हा त्याने मला स्टेशनवर बोलावलं. डब्याच्या दारातून म्हणाला, "मास्तर, सब जगह फेल. लेकिन सोलापूर समझा. एक गाव बस है."

सांगायला वेळ होता. मी त्याच्या हातात शेंगाच्या चटणीची पुडी दिली.

गाडी हलली. साहेब दारातच उभा राहिला, फलाटाकडे तोंड करून, आमचे चेहरे बघत. मी खाली वाकलो आणि गाडी पुरती जाईपर्यंत चपलेचा अंगठा नीट करत राहिलो.