फिल्मच्या कडेचा आवाज

बालाघाटच्या एका टॉकीजमध्ये माझे बाबा ऑपरेटर होते आणि मी कॉलेजात फिजिक्स शिकत होते. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं असतील. एकदा जेवताना मी ऐटीत सांगितलं की प्रकाशापासून वीज करता येते आणि विजेपासून आवाज. बाबा घास हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अन् मग मी वीस वर्षं काय करून राह्यलो पोरी?"

त्या आठवड्यात घरात कुणालाच नीट जेवण जात नव्हतं. खेळ चालू असताना आवाज मध्येच फार मोठा होतो, मध्येच बारीक होतो, अशी तक्रार मालकाकडे गेली होती. रविवारी दुपारच्या खेळाला तो स्वतः केबिनमध्ये येणार होता, आणि गोंदियाचा एक ऑपरेटर त्याने हेरूनही ठेवला होता. आईचा जीव टांगणीला लागला होता. मी मात्र मशीन बघायला मिळेल म्हणून खुशीत बाबांबरोबर गेले.

केबिनमध्ये बाबांनी फिल्मचा तुकडा उजेडात धरला. चित्रांच्या बाजूला, अगदी कडेला, काळ्यावर एक पांढरी नागमोडी पट्टी होती. "हे पाह्य, इथं गाणं आहे," ते म्हणाले. जिथे फिल्म तुटून जोडली होती तिथे त्यांनी पट्टीवर काळ्या शाईचा छोटा त्रिकोण काढला होता. तो नसला तर सांधा मशीनमधून जाताना हॉलमध्ये 'ठप्' असा आवाज होतो. मग त्यांनी मशीनमधला अंगठ्याएवढा दिवा दाखवला. त्याचा उजेड पट्टीतून पलीकडच्या काचेच्या डोळ्यावर पडतो, पट्टी जशी रुंद-अरुंद होते तसा उजेड कमी-जास्त होतो, आणि तोच पुढे आवाज होतो. पुस्तकात हा धडा मी दोनदा पाठ केला होता. एक अक्षर कळलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

बाबा रोज खेळाआधी त्या उजेडात पुठ्ठ्याचा तुकडा आडवा-तिडवा हलवून मशीन तपासत. केबिनमधल्या स्पीकरमधून ठप् ठप् येई. त्या दिवशीही त्यांनी तसंच केलं. मला राहवलं नाही. ते वळून पडद्यावर चित्र पाडणाऱ्या मोठ्या दिव्यात कार्बनच्या कांड्या बसवत होते तेवढ्यात मी केसातला कंगवा काढला आणि दिव्यापुढून सरकवला. स्पीकर असा घरघरला की मी घाबरून मागे सरले. माझ्या कंगव्याच्या दातांतून आवाज निघाला होता! आत तर नुसता उजेड होता. अंगावर सर्रकन काटा आला. मी पुन्हा सरकवला, अजून जोरात. नवससायास करून देव दिसावा तसं काहीतरी मला झालं होतं.

बाबांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

मी तिसऱ्यांदा केलं. ते शांतपणे कांडी बसवत होते. तेव्हा लक्षात आलं की मघाशी पुठ्ठा हलवताना त्यांचा दुसरा हात स्पीकरवर टेकलेला होता. टॉकीजवाले मोठ्यानेच बोलतात, म्हणून घरी आम्हीही सगळे ओरडूनच बोलायचो आणि त्यात कुणाला काही वाटायचं नाही. मालकाकडे गेलेली तक्रार मला आठवली; हॉलचा आवाज कमी-जास्त करायचं बटण बाबांच्याच हाती असायचं.

मालक आला, खुर्ची ओढून बसला. अर्धा खेळ बरा चालला आणि एकाएकी आवाज बंद. चित्र चालूच. खाली शिट्ट्या सुरू व्हायच्या आत बाबा मशीनवर झुकले होते. छोटा दिवा विझलेला त्यांना दिसला होता. फडक्याने धरून त्यांनी जळका दिवा काढला, नवा बसवला, आणि हॉलमध्ये नायिका उरलेलं वाक्य बोलू लागली. इतक्या झटपट मी कुणालाच काही करताना पाहिलं नव्हतं.

मालक उठला. जाताना त्याने मला दाराशी गाठलं आणि हळूच विचारलं, "बेटी, सच बता, इनको सुनाई तो देता है ना?"

"हां," मी म्हणाले. "बराबर देता है."

बाबा मशीनमागून माझ्याकडेच बघत होते.

नोकरी टिकली. सायकल हातात धरून आम्ही पायीच घरी निघालो. बरंच अंतर गेल्यावर ते म्हणाले, "खोटं काहून बोलली?" मग तेच म्हणाले, "मशीनीचा आवाज मले दिसते, त्याची फिकीर नाही. पण दोन दिवाळ्या झाल्या, तुहा आवाज नाही ऐकला मी. तुहे फक्त ओठ दिसतेत."

मी काहीच बोलले नाही. बोलले असते तर त्यांना माझ्या तोंडाकडे बघावं लागलं असतं, आणि मी रडत होते.